उताराला उतरणारी मुलगी

"पंक्चर?"

मोहिनीने नकारार्थी मान हलवली.

"चेन पडली?"

"नाही."

"मग... पाय मुरगळला?"

"नाही हो. उतार आहे."

खालून धापा टाकत चढून आलेला तो तरुण एक पाय खडीवर टेकवून उभा राहिला. त्याने मागे वळून उताराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा उताराकडे. गिरणारे गावाच्या पुढचा तो कच्चा रस्ता. नुकतीच खडी पसरलेली, रोलर अजून फिरायचा होता. टेकडीच्या माथ्यावरून सुटायचा तो वळणं घेत थेट खालच्या द्राक्षबागांत जाऊन थांबायचा. जगातली माणसं अशा ठिकाणी चढाला उतरतात आणि उताराला बसतात. ही मुलगी मात्र अख्खा चढ सायकलवर मारून आली होती, आणि आता उताराला उतरून सायकल हातात धरून चालली होती.

आता हा हसणार, असं तिला वाटलं. सगळेच हसायचे. रविवारच्या सायकल ग्रुपमधल्या मनोजने तर तिला 'उतारकरीण' असं नावच ठेवलं होतं. तो ग्रुप आत्ताही तिला मागे टाकून केव्हाच खाली पसार झाला होता.

हा हसला नाही. "मग मीही उतरतो," म्हणाला, आणि खरंच उतरला. सायकल वळवली आणि जी टेकडी चढताना त्याचा जीव निघाला होता, तीच तिच्यासोबत पायी उतरू लागला.

"अहो, पण तुम्ही वर निघाला होतात ना?"

"वर काय, भागीबाईच्या झोपडीतला चहा. तो पुढच्या रविवारीही मिळेल."

"आणि खाली?"

"खाली..." तो जरा अडखळला. "खाली जायला सोबत आहे."

मोहिनीने घाईघाईने समोर पाहिलं. २००५ सालचा जानेवारी होता, हवेत चांगलाच गारठा होता, आणि तरीही तिचे कान गरम झाले होते.

त्याचं नाव हर्षल. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी, घरची बाग त्या उताराच्या पायथ्याशीच. खाली पोहोचेपर्यंत त्याने एवढं सांगितलं, आणि तिने त्याला जे ग्रुपमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. रामशेज किल्ल्याच्या बाजूला एकदा भर उतारात तिच्या ब्रेकची तार तुटली होती. हनुवटीला टाके पडले. टाके भरून आले, पण भीती काही गेली नाही. उताराच्या तोंडाशी आलं की तळवे ओले व्हायचे आणि पाय आपोआप जमिनीवर यायचे.

"दिसत नाही फारसा," तो तिच्या हनुवटीकडे बघत म्हणाला.

"काय?"

"व्रण."

"मग इतका वेळ काय बघताय?"

तो सायकलची घंटा उगाच वाजवत राहिला.

पुढचे रविवार त्या टेकडीने बघितले. द्राक्षांचे घड फुगत गेले, उन्हाने करपू नयेत म्हणून बायकांनी त्यांना कागद गुंडाळले, आणि या दोघांमधलं अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. तो तिला शिकवायचा. "मागचा ब्रेक आधी. पुढचा नुसता बोटांत ठेव. आणि नजर चाकावर नको, वळणावर." ती सीटवर बसायची, थोडंसं अंतर जायची आणि खडी चाकाखाली करकरली की उतरायची. तो मुकाट्याने उतरायचा. एकदाही त्याने 'अगं, काही होत नाही' असं म्हटलं नाही, आणि तिला तो आवडला तो खरं म्हणजे तिथेच.

पण मोहिनीचं असं होतं, की आवडायला लागलं तशी धास्तीही बसायला लागली. एका रविवारी त्याला यायला उशीर झाला, तर भागीबाईच्या झोपडीसमोर हातातला चहा गार होईपर्यंत ती रस्त्याकडे बघत बसली. तो आला, हसला, आणि तिने मात्र दिवसभर त्याच्याशी धड शब्द काढला नाही. आज उशीर झाला, उद्या येणारच नाही, मग आपण काय करायचं? इतकं कुणी आवडूच नये, असं तिला मनापासून वाटलं.

मार्च उजाडला. काढणी जोरात होती. त्या रविवारी त्र्यंबकच्या डोंगरांवर सकाळपासूनच काळं भरून आलं होतं आणि भागीबाई चुलीपुढे बसून आभाळाला शिव्या देत होती. हर्षलने चहाचा ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"मोहिनी... माझ्याशी लग्न करशील?"

तिच्या तळव्यांना घाम फुटला. उताराच्या तोंडाशी फुटायचा तसाच. 'हो' हा काही मोठा शब्द नाही, आणि तो तिच्या जिभेवर येऊन बसलाही होता. पण तोंड कोरडं पडलं. ती त्याच्याकडे बघण्याऐवजी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. तो थांबला. त्याचे कान लाल झाले.

"बरं," तो शेवटी उठला. "येतो मी."

आणि सायकलवर बसून उतारावरून निघून गेला.

येतो मी... आता याचा अर्थ काय लावायचा? आपल्याकडे निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही, म्हटलं तर घरातली मोठी माणसं दटावतात. पाहुणा 'येतो' म्हणतो, परगावी नोकरीला जाणारा 'येतो' म्हणतो, आणि पुन्हा कधी तोंड न दाखवणाराही जाताना 'येतो'च म्हणतो. मग हा 'येतो' कुठला? परत येणारा, की निरोपाचा?

"गेला त्यो?" भागीबाईने विचारलं.

"येतो म्हणालाय."

"मंग येईल."

पण तो आला नाही. आधी वारा सुटला, मग टपोरे, गार थेंब झोपडीच्या कुडावर आपटायला लागले. मोहिनीने मोबाइल काढला. रेंज नव्हती. ती दारात उभी राहिली, आत आली, पुन्हा दारात गेली.

"बाय, पानी लागलं का ती खडी सरकते बघ," भागीबाई म्हणाली. "परवा येक मोटारसायकलवाला त्या मधल्या वळनावर गेला."

"गेला... म्हणजे?"

"दवाखान्यात गेला. तू लगीच काय बी मनात आनू नको."

पण ते मनात आलंच. मघापासून 'तो आपल्याला सोडून गेला' हाच विचार तिच्या डोक्यात होता. आता दुसरंच चित्र दिसायला लागलं, वळणावर आडवी पडलेली सायकल... आणि मोहिनीला स्वतःचंच नवल वाटलं. कारण ती मनातल्या मनात म्हणत होती, तो सोडूनच गेलेला असू दे. रागावलेला असू दे, पुन्हा कधी न भेटू दे, पण धड असू दे.

तिने सायकल घेतली. चालत जायला वेळ लागला असता, म्हणून ती बसली.

त्या उताराबद्दल नंतर तिला फारसं सांगता आलं नाही. बोटं ब्रेकवर इतकी आवळली होती की दुखत होती. पाणी डोळ्यांत जात होतं, खडी चाकाखालून सरकत होती, मागचं चाक दोनदा तिला न विचारता बाजूला गेलं. भीती जराही कमी झाली नव्हती, उलट सोबत आणखी एक भीती होती, आणि ती मोठी होती. वळणावर चिखलात हर्षलची निळी पाण्याची बाटली पडलेली दिसली. तेव्हा तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं, पण पावसात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

पायथ्याशी त्याच्या बागेच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिच्याखाली, रिकाम्या क्रेटवर, हर्षल बसला होता. अंगावर ओरखडा नाही. फक्त नखशिखान्त भिजलेला.

मोहिनीने सायकल टाकून दिली. तिला रडू फुटलं, आणि रडूपेक्षा जास्त राग आला.

"बाटली तिथे पडली होती. मला वाटलं..."

"पडली का?" तो गोंधळून उभा राहिला. "तिथूनच परत फिरलो तेव्हा पडली असेल."

"परत फिरलास?"

"आधी तुला विचार करायला वेळ द्यावा म्हणून खाली आलो. येतो म्हणालो होतो ना."

"जाताना सगळेच येतो म्हणतात, हर्षल!"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि मग आला का नाहीस?"

"आलो होतो की. वळणापर्यंत आलो. मग वाटलं, वर गेलो की ती नाही म्हणेल... खाली बसलो तर निदान अजून म्हणालेली नाही." त्याने ओल्या केसांतून हात फिरवला. "भ्यालो मी. पुन्हा निघणार होतो, तर पाऊस वाढला. आता थांबला की चालत येणारच होतो." मग त्याचं लक्ष तिच्या चिखलाने माखलेल्या पोटऱ्यांकडे गेलं. "तू... बसून आलीस? या खडीवर? पावसात? वेड लागलंय का तुला?"

"ओरडू नकोस."

"पडली असतीस म्हणजे?"

"तू पडला असशील असं वाटलं मला." तिचा आवाज फुटला. "वर उभी होते ना, तेव्हा म्हटलं, सोडून गेला असेल तर जाऊ दे. मी रडेन, चालेल. पण कुठे लागलेलं नसू दे त्याला. एवढं एकच मागत होते मी... आणि तू इथे क्रेटवर बसलायस."

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. बागेतल्या घडांचे कागद भिजून लोंबत होते, उद्या त्याच्या घरी त्याचीच चिंता असणार होती. पण आत्ता तो फक्त तिच्याकडे बघत होता.

"आता पुन्हा विचार," ती म्हणाली.

"आत्ता?"

"हो. आत्ताच."

"मोहिनी, मला भीती वाटते."

"मलापण वाटते. तरी विचार."

त्याने तिची बोटं हातात घेतली. त्याने घसा साफ केला.

"माझ्याशी ल..."

"हो," ती म्हणाली. पूर्ण प्रश्न ऐकण्याइतका धीर तिच्यात उरलाच नव्हता.