मेटीची वेळ

आरेखकांची सून आली तेव्हा भाऊजी खुर्चीवर उभे राहून भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत होते, आणि वहिनी खाली बसून त्यांना सांगत होत्या की चावी उलटी फिरतेय. उलटीच फिरत होती.

वहिनींनी तीस वर्षं जमीन मोजली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून लोकांची अडलेली कोडी सोडवायला घेतली. हरवलेले कागद, सरकलेली कुंपणं, असलं काहीबाही. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. भाऊ गेल्यापासून तेही इथेच राहत. हयात टपालखात्यात पत्रं वेगळी करण्यात गेलेली, त्यामुळे जगात आपल्याला न वाचता येणारं अक्षर नाही, असं ते भेटेल त्याला ऐकवत. वहिनींची पिशवी धरणं आणि वही लिहिणं हे त्यांचं काम.

"उद्या बाबांवर बालंट येणार आहे," सून म्हणाली. "आणि ते तोंडातून शब्द काढत नाहीत."

बाबा म्हणजे तिचे सासरे, नगरपालिकेतले आरेखक. नकाशे काढण्यात केस पांढरे केलेले. ती पाणी प्यायली आणि तिने सगळं नीट सांगितलं.

गाव वाढत चाललं होतं. कुठे घरं, कुठे रस्ते, कुठे मैदानं, असा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा पालिकेने केला. लोकांच्या हरकती ऐकून नगररचनेच्या साहेबांनी एकेक निर्णय तोंडी सांगितला, हेडक्लार्कने तो हाताने लिहून घेतला, साहेबांनी सही ठोकली, आणि त्या पानांवरून आरेखकांनी नकाशा रंगवला. गावाच्या भागांना अक्षरं होती आणि प्रत्येक भागातल्या जागांना आकडे. बस आगार जायचं होतं ध-सातवर, कालव्यापलीकडच्या उजाड माळावर. नकाशात ते आलं घ-सातवर. म्हणजे पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर. पोरांना मोकळं पळायला गावात उरलेली तेवढी एकच जागा.

चार दिवसांपूर्वी साहेबांनी हे पाहिलं आणि कचेरी डोक्यावर घेतली. त्याच दिवशी निर्णयाचं ते सही केलेलं पान फाइलीतून नाहीसं झालं. पान नाही तर नकाशाला हात लावता येत नाही. उद्या सकाळी अकराला सभा. नकाशा आहे तसाच मंजूर होणार, मैदान जाणार, आणि बाबांना निलंबित करणार.

"ध-सातच्या कडेला एकाचं गोदाम आहे, त्याला आगार शेजारी नको असणार म्हणे. त्याच्याशी बाबांनी हातमिळवणी केली म्हणतात." तिने पेला खाली ठेवला. "अहो, मैदान पुसून आले त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. साहेबांचा हुकूम, मी काय करणार, एवढंच म्हणाले. मला आई नाही. या माणसानं मला लेकीसारखं वागवलंय. त्यांना मान खाली घालून घरी आलेलं मला बघवणार नाही."

वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला. मग बाबांचा दिवस कसा जातो ते विचारलं. अगदी साधा, सून म्हणाली. घरात जुनं कॅलेंडरसुद्धा कोणाला फाडू देत नाहीत, कागदाचा फार जीव. जेवणाचा डबा दोघांचा नेतात, त्यांचा आणि हेडक्लार्कचा. हेडक्लार्क एकटे आहेत, बायको गेली, ती कचेरी हेच त्यांचं घर. दोघांची दोस्ती लग्नाआधीपासूनची.

"डब्यात काही बदल?"

प्रश्न ऐकून भाऊजींनी वहीतून डोकं वर काढलं. वहिनींचं कधी काय डोक्यात येईल सांगता यायचं नाही.

सून विचारात पडली. "महिना-दोन महिने झाले, पातळ काही देऊ नको, कोरडंच दे, म्हणतात. डबा सांडतो म्हणे. इतकी वर्षं कधी सांडला नव्हता."

"लिहा," वहिनी म्हणाल्या. भाऊजींनी लिहिलं, पण मनातून त्यांना हसू येत होतं. गाव बुडायला निघालंय आणि वहिनी आमटीच्या मागे.

नगरपालिकेच्या जिन्यात सूचनांचा फळा होता. त्यावरचा कागद वाचून भाऊजींना राहवेना.

"वहिनी, हे बघा. 'साहेबांच्या मेटीची वेळ : दुपारी तीन ते पाच.' मेटीची! आणि खाली, 'समेच्या दिवशी मेट मिळणार नाही.' पालिकेत शिकलेलं कोणी उरलंय की नाही?"

वहिनी त्या कागदासमोर भलताच वेळ उभ्या राहिल्या. अक्षर जुन्या वळणाचं होतं, किंचित नागमोडी. प्रत्येक शब्दावरची आडवी रेघ मात्र अशी सरळ, की पट्टी ठेवून मारलेली.

"हेडक्लार्कांचं अक्षर दिसतं," त्या म्हणाल्या आणि जिना चढल्या.

साहेब तरुण होते, घाईत होते, पण मनाने वाईट नव्हते. आपण 'ध' म्हणालो होतो, छातीठोकपणे सांगतो, म्हणाले. गोंधळ झाला त्या दुपारी फाइल टेबलावरच होती, पान आत होतं. उघडणार तेवढ्यात नगराध्यक्षांचं बोलावणं आलं. परत येऊन बघतो तर पान नाही. मधल्या वेळात खोलीत आरेखक एकटेच येऊन गेले, शिपायाने पाहिलंय. आणखी काय पुरावा हवा?

"सही करताना पान वाचलं होतंत?" वहिनींनी विचारलं.

"वाचलं म्हणजे, नजर टाकली. मीच सांगितलेलं, त्यात नवीन काय असणार?"

गोदामवाला बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याच्याकडे पाहताच भाऊजींनी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या. पण तोच उलट कावलेला होता. आगार शेजारी येणार म्हणून त्याने गोदामाच्या पुढच्या अंगाला उपाहारगृह बांधायला काढलं होतं. आगार मैदानावर गेलं तर त्या माळावर खायला कोण येणार? "मला उगीच बदनाम करतायत," तो म्हणाला. "माझ्या अर्जाची पोच बघा हवी तर." पोच खरी होती, तीन महिन्यांपूर्वीची. भाऊजींनी हिरमुसून बेड्या काढल्या.

हेडक्लार्क बुटके, हसरे, चष्म्याला दोरी लावलेले गृहस्थ होते. गावातली कुठली जागा कोणाची, कशाला लागून, हे त्यांना फाइल न उघडता सांगता येत होतं. त्यांनी आग्रहाने तिघांसाठी चहा मागवला. भाऊजींनी आपला कप संपवला, वहिनींनी संपवला. हेडक्लार्कांच्या कपावर साय धरली. त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली ठेवले होते ते काढलेच नाहीत.

"तो असलं करायचा नाही हो," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी पान लिहिलं, 'ध' लिहिलं, शपथेवर सांगतो. त्याने 'घ' कसं काढलं देव जाणे. पण त्यानं मुद्दाम केलं असेल तर मी नोकरी सोडतो."

त्यांच्या टेबलावर शिक्के होते, टाचण्या होत्या आणि एक नवी पोलादी पट्टी होती.

सगळ्यात शेवटी आरेखक. उंच, वाकलेले, नकाशावर ओणवं होऊन होऊन तसेच राहून गेलेले. वहिनींच्या कुठल्याच प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. फक्त निघताना हळूच म्हणाले, "सुनेला सांगा, माझी काळजी करू नको. माझं काय, घरी तुम्ही सगळे आहात."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले की प्रकरण सरळ आहे. पान आरेखकाने पळवलं, म्हणजे दोषी तोच, वाईट वाटतं पण इलाज नाही.

"पान त्यांनीच घेतलं, बरोबर," वहिनी म्हणाल्या. "आता एवढंच सांगा भाऊजी. तुम्ही मुद्दाम खोटा नकाशा काढला असता, तर खरं पान कधी गायब केलं असतं? बोभाटा व्हायच्या आधी की नंतर?"

भाऊजी पायरीवरच थांबले. त्यांना उत्तर येत होतं, पण ते कुठे नेतं ते कळत नव्हतं.

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना आरेखकांच्या खोलीत बोलावलं. मोठ्या टेबलावर नकाशा पसरला होता. साहेब, हेडक्लार्क, आरेखक, दारापाशी सून. शिपाई चहा ठेवून गेला.

"बोभाटा होईपर्यंत पान फाइलीत होतं," वहिनींनी सुरुवात केली. "लबाडी करणारा माणूस ते आधीच काढून घेतो. इथे नकाशा आधी दिला, पान नंतर गेलं. शिवाय गोदामवाल्याला यात तोटाच आहे. आणि मैदान पुसून आलेला माणूस घरी जेवला नाही. म्हणजे यांनी 'घ' काढलं ते हुकूम समजून काढलं. त्यांनी पानावर 'घ'च वाचलं."

"पण मी 'ध' सांगितलं," साहेब म्हणाले.

"आणि मी 'ध' लिहिलं," हेडक्लार्क म्हणाले.

"तिघंही खरं बोलताय. भाऊजी, जिन्यातली सूचना सांगा बघू."

"मेटीची वेळ," भाऊजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला.

"'भेटी'ची 'मेटी' झाली, 'सभे'ची 'समे'. पूर्ण सूचनेत चुका फक्त भ च्या. अडाणी माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही." वहिनींनी कागदावर एक अक्षर काढलं. "भ आणि ध, या दोन अक्षरांची वरची रेघ डावीकडे तुटते. तिथे गोलाई असते. पण शब्द आधी लिहून नंतर वर पट्टीने सरळ रेघ मारली, तर ती तुटक जागा भरून जाते. भ चा होतो म. आणि ध चा..." त्यांनी पट्टीने रेघ ओढली. कागदावर घ उमटला.

हेडक्लार्क त्या अक्षराकडे बघत राहिले.

"पट्टी कशाला लागते माणसाला?" वहिनींचा आवाज आता मऊ झाला होता. "रेघ हलू नये म्हणून. हात थरथरायला लागला म्हणून. कप उचलला तर सांडतो. डब्यातलं पातळ सांडतं. आणि ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, जो रोज समोर बसून जेवतो. त्यानेच घरी सांगितलं, कोरडंच दे."

सुनेने तोंडावर पदर धरला.

"ओरडा झाल्यावर यांनी पान पुन्हा पाहिलं, तेव्हा यांना घोळ कळला. ते पान दाखवलं असतं तर हे तिथल्या तिथे सुटले असते. पण मग चौकशी आली असती त्या रेघेची, त्या हाताची. यांना घरी बसायला घर आहे, माणसं आहेत. मित्राला ही कचेरी सोडली तर काही नाही. म्हणून स्वतःला सोडवणारं पान यांनी स्वतःच लपवलं." त्या आरेखकांकडे वळल्या. "आणि मैदानाचं काय करणार होता?"

"सभेत उभा राहून चूक माझी म्हणणार होतो," आरेखक प्रथमच बोलले. "कबुली दिली की नकाशा दुरुस्त करता येतो."

"पान कुठाय?" साहेबांनी विचारलं, पण त्यांचा आवाज साहेबी राहिला नव्हता.

"जुनं कॅलेंडर न फाडणारा माणूस सरकारी कागद फाडेल का? घरी तरी नेईल का? पान 'घ' वाचूनच घ-सातच्या फाइलीत लागलं होतं, तीच तुम्ही चारदा झाडलीत. ध-सातची उघडा. पान खरं जिथलं, तिथेच त्यांनी लावलं असणार."

साहेबांनी स्वतः खण उघडला. पान तिथेच होतं, टाचणीने नीट लावलेलं. भिंगातून पाहिलं तर पट्टीच्या रेघेखाली ध ची गोलाई दबलेली दिसत होती. साहेबांनी स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. "मी वाचलं असतं तर इथवर आलंच नसतं," ते म्हणाले. त्यांनी पेन काढलं, समासात 'ध' असं ठळक लिहून नवी सही केली, आणि आरेखकांना नकाशा आत्ताच दुरुस्त करायला सांगितलं.

मग ते हेडक्लार्कांपुढे येऊन उभे राहिले. हेडक्लार्क म्हणाले, "उद्या राजीनामा देतो, साहेब."

"लिहायला टंकलेखक ठेवता येतो," साहेब म्हणाले. "गाव तोंडपाठ असलेला माणूस कुठून आणू? तुम्ही सांगा, दुसरं कोणी लिहील. आणि उद्याच्या सभेत माझ्या शेजारी बसा." एवढं बोलून ते घाईने बाहेर गेले.

हेडक्लार्कांनी मित्राकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू लिहिणं सोडलं असतंस. मग जेवायला माझ्यासमोर कोण बसलं असतं?"

आरेखक खिडकीपाशी ब्लेडने घ-सातवरचा रंग हलक्या हाताने खरवडायला लागले. सून पुढे आली, हेडक्लार्कांना म्हणाली, "काका, उद्यापासून पातळही देणार आहे. खोलगट वाटी देते. बाबांना धरायला सांगा."

भाऊजींना भरून आलं होतं. हा माणूस अडाणी म्हणून आपण सकाळी हसलो, आणि टपालात आयुष्य घालवूनही ती पट्टी दिसली नाही. ते जिन्यात जाऊन सूचना काढून आणायला निघाले, पण वहिनींनी खुणेनेच नको म्हटलं.

टेबलावर चहा निवत होता. हेडक्लार्कांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा चारचौघांत कपाला हात घातला. दोन्ही हातांनी धरला तरी कप बशीवर वाजला, आणि चहा टेबलावर सांडला. ते गडबडून कप खाली ठेवायला लागले.

आरेखकांनी मान वर केली नाही. "पी सावकाश," ते म्हणाले. "नकाशा मी मघाशीच बाजूला घेतलाय."