एक ते चारचा चोर

अकरा टक्क्यांवर फाईल थांबली ती थांबलीच.

मैथिली पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे टक लावून बघत राहिली. मग लाल अक्षरं उमटली. कनेक्शन तुटलं.

आतल्या खोलीत चार वर्षांचा सिद्धांत झोपला होता. एक पाय उशीवर, तोंड अर्धवट उघडं. केजीतून दमून आलेलं ते पोर दुपारी एक ते चार झोपायचं, आणि त्याच्या त्या झोपेतून चोरलेल्या वेळात मैथिली पुण्याच्या एका फर्मसाठी इमारतींची ड्रॉइंग्ज करून पाठवायची. दुबईच्या करामा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

फोन वाजला. पुण्याहून हेमा मॅडम.

"मैथिली, हे तिसऱ्यांदा झालं. साइटवर माणसं खोळंबलीत."

"मॅडम, ड्रॉइंग तयार आहे. नेट स्लो आहे."

"असेल. पण तीन नोव्हेंबरचा सेट तुझ्या चार वाजेपर्यंत माझ्याकडे आला नाही, तर पुढचं काम मी दुसरीला देईन. वाईट वाटून घेऊ नकोस."

बाहेर जेवणाच्या टेबलावर तिचा नवरा दर्शन आमटी-भात जेवत होता. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्याची दोन वेळांची ड्यूटी: आठ ते एक, मग घरी जेवण आणि डुलकी, मग चार ते सात. समोर ऑफिसचा लॅपटॉप उघडा आणि त्यातून हळू आवाजात नाट्यगीत. वडील गेल्यावर त्यांच्या साऱ्या कॅसेट्स त्याने वर्षभर खपून त्यात उतरवल्या होत्या. ती गाणी नेटवरून मिळाली म्हणून कॅनडातल्या कुणा अनोळखी माणसाने आभाराचं मेल पाठवलं, तेव्हा दोन दिवस तो हवेत होता.

"वायरलेस घेतलंस ना हौसेने?" तो म्हणाला. "आता शेजारचे बॅचलर फुकट वापरतायत. तो अजीज. मी सुनावलंय त्याला काल, वॉचमनसमोर."

"पुरावा?"

"पुरावा कशाला? चार पोरं, एक कम्प्यूटर, आपलं नेट भिंतीपलीकडे जातं. आणि मैथू, खरं सांगू? सोडून दे ना काम. कुणी अडलंय का?"

"मी अडलेय," मैथिली म्हणाली. "काम सोडणार नाही. आणि कुणाला चोर म्हणायच्या आधी चोर पकडीन."

"यल्ला, चल, पकड!" दर्शन हसला.

तिने एक कोरा कागद फ्रिजवर चिकटवला आणि घड्याळ बघून लिहायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेजारची बेल वाजवली. अजीजने दार उघडलं. त्याच्या मागे भरलेली बॅग.

"अजीजभाई, सीधा सवाल है. हमारा इंटरनेट आप चलाते हो?"

"भाभीजी, दर्शनभाई ने नीचे यही पूछा. पूछा क्या, सबके सामने सुनाया."

"मैं पूछ रही हूँ."

"कम्प्यूटर है, झूठ नहीं बोलूँगा. उस पर पिक्चर देखते हैं. मेल मैं दफ्तर में करता हूँ." त्याने किल्ली पुढे धरली. "आज से दो हफ्ते खोर फक्कान, पोर्ट पर ड्यूटी. बाकी लड़के भी साथ हैं. चाबी रख लो, कम्प्यूटर उठा ले जाओ."

"चाबी आप रखो. दो हफ्ते में पता चल जाएगा."

शेजारचा फ्लॅट कुलूपबंद झाला. दुपारी सव्वा वाजता तिची फाईल पुन्हा रखडली.

मग दुसरं कुणी? तिने वायरलेसला पासवर्ड घातला. तेरा अक्षरी, लांबलचक. तो तिघांना ठाऊक: ती, दर्शन आणि तिची वही. दर्शनने लॅपटॉपसाठी तो कुरकुरत मागून घेतला. दुपारी फाईल पुन्हा रखडली.

मायक्रोवेव्हने सिग्नल बिघडतो म्हणून तिने त्याचा प्लगच काढला. गार आमटी खाताना दर्शन बोलला नाही, पण त्याच्या भुवया बोलल्या. फरक शून्य.

मग शेवटचा प्रयोग. राऊटरची निळी वायर तिने थेट आपल्या कम्प्यूटरला जोडली. हवाच मधून काढून टाकली. तरीही दुपारी फाईल सतरा टक्क्यांवर अडकली.

मैथिली जमिनीवरच बसली, वायरचं टोक हातात धरून. म्हणजे वायरलेस निर्दोष होतं. सिग्नल येत होता, रस्ता होता. त्या रस्त्यावर दुसऱ्याच कुणाच्या गाड्या धावत होत्या.

कागदावर नोंदी वाढत होत्या. रोज एक ते चार, नेट मेलेलं. सकाळी ठणठणीत. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळपासून मेलेलं. आणि एकदा तिचा कम्प्यूटर बंद असतानाही राऊटरचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता.

"मम्मा, द लाइट इज डान्सिंग," सिद्धांत म्हणाला होता.

"हो रे राजा. पण कुणाच्या तालावर?"

मग रमजान लागला. दर्शनचं ऑफिस सलग नऊ ते तीन झालं. मैथिली एकला बसली आणि फाईल सुळकन गेली. तिला वाटलं, सुटले. दुसऱ्या फाईलला सव्वातीन वाजले आणि पट्टी गोठली.

तिने फ्रिजसमोर उभं राहून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. 'सव्वातीन'खाली जाड रेघ ओढली; आता चोर मुद्देमालासह पकडायचा होता.

तीन नोव्हेंबर. सिद्धांत झोपायला तयार नव्हता. त्याला मांडीत थोपटत तिने एका हाताने ड्रॉइंग संपवलं. तीन वाजून पाच मिनिटांनी फाईल सोडली. दहा टक्के. तीस. पंचावन्न.

दार उघडलं. दर्शन आला, टेबलावर लॅपटॉप उघडून तोंड धुवायला गेला.

एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट.

"दर्शन, बाहेर ये."

"काय झालं?"

"चोर सापडलाय. दोन प्रश्नांची उत्तरं दे. हा लॅपटॉप आत्ता काय करतोय?"

"काही नाही. नुसता उघडा आहे."

"गाण्यांची देवाणघेवाण करतोस, तो प्रोग्राम?"

"तो कधीच बंद केला."

"कसा?"

"कसा म्हणजे? फुलीवर क्लिक करून!"

मैथिलीने पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी बोट ठेवलं. तिथे एक इवलंसं हिरवं चित्र होतं. तिने त्यावर दोनदा क्लिक केलं. खिडकी उघडली. आत चौदा ओळी, प्रत्येकीपुढे एका नाट्यगीताचं नाव आणि सरकती पट्टी.

दर्शन वाकून बघत राहिला. "हे... हे काय?"

"फुलीने खिडकी मिटते, प्रोग्राम नाही. लॅपटॉप सुरू झाला की तो आपोआप जागा होतो. या क्षणी जगभरातली चौदा माणसं बाबांची गाणी आपल्या घरातून ओढून नेतायत. आपल्या लाइनचा बाहेर जाणारा रस्ता अरुंद. तो त्यांनी भरला की माझ्या ड्रॉइंगला जागाच उरत नाही."

"पण मीच कशावरून?"

"अजीजभाई खोर फक्कानला, तरी नेट मेलेलं. पासवर्ड घातला, तरी मेलेलं. वायर लावली, तरी तेच. म्हणजे चोर पासवर्ड असलेला, घरातला. रोज एक ते चार, शुक्रवारी दिवसभर. आणि रमजान लागताच त्याने वेळ बदलली, एकची सव्वातीन केली. या घरात रमजानने कुणाची वेळ बदलली, दर्शन? माझी नाही. सिद्धांतच्या झोपेची नाही."

दर्शन खुर्चीत बसला. "मला वाटलं, गाणी देऊन काय जातं? विरजण दिल्याने आपलं दही कमी होतं का?"

"दही नाही कमी होत. पण चौदा जणी वाट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या, तर घरच्या माणसाने बाहेर पडायचं कुठून?"

तिने हिरव्या चित्रावर क्लिक करून प्रोग्राम खरोखर बंद केला. चौदा ओळी विझल्या. तिच्या कम्प्यूटरवर बासष्ट उमटलं. मग सत्तर.

"चल, झालं ना. खलास," दर्शन पुटपुटला.

"खलास नाही. बाबांची गाणी रात्रभर वाट जगाला, मला आनंदच आहे. एक ते चार मात्र माझे. आणि अजीजभाई गुरुवारी परत येतायत. सुनावलंस वॉचमनसमोर, माफीही वॉचमनसमोर मागायची."

"मैथू, वॉचमनसमोर काय..."

"वॉचमनसमोर."

तीन एक्केचाळीसला फाईल पोचली. पाच मिनिटांत पुण्याचा फोन.

"मिळालं," हेमा मॅडम म्हणाल्या. "काम स्वच्छ आहे. अकरा मजल्यांची एक इमारत आलीय, पण मी विचारात पडलेय. घरात लहान मूल, परका मुलुख. झेपेल तुला?"

सिद्धांत तिच्या खांद्यावर डोकं टाकून अखेर पेंगला होता. दर्शन समोर मान खाली घालून उभा होता.

"मॅडम, मूल घरात आहेच, आणि असणार," मैथिली आवाज न वाढवता म्हणाली. "तुम्ही मजले मोजा. अकराच्या अकरा पाठवा."