कोपराखालची जागा

तारा लावलेला ठसाटोप कृत्तिका फडतरेच्या डोक्याला सैल होत होता, म्हणून मेंदूतज्ज्ञ डॉ. परचुरेंच्या सहायकाने आत स्पंजाची पट्टी खुपसली आणि बाजारात शहाळं हलवून बघावं तसं तिचं डोकं दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. केळुसकर पुढे झाले.

"दुखत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. नुसता वास मारतोय. आधीच्या कुणाच्या तरी घामाचा."

केळुसकर हिमवाघ संघाचे पारखी होते. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या दिवसाच्या, आधी देशभर हिंडून बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या तरुण मुली हेरायच्या, हे त्यांचं काम. त्यांची पद्धत सगळ्या पारख्यांमध्ये चेष्टेचा विषय होती, कारण ते पककडे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीकडे, बघतच नसत. मैदानाभोवतीच्या काचेला नाक लावून उभे राहात आणि खेळणाऱ्यांचे डोळे बघत. कारगिलच्या गोठलेल्या तळ्यावर त्यांनी कृत्तिकेला पाहिलं तेव्हा पावणेसहा फुटी मुली तिच्या अंगावर धावून येत होत्या आणि ही चार फूट अकरा इंचांची एकोणीस वर्षांची पोर पापणीसुद्धा न लववता त्यांच्या कोपरांखालून पक काढून नेत होती. वडील सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. पोरीला पहिल्या फेरीत घेतो, असा शब्द केळुसकरांनी त्यांना त्यांच्याच घरी चहा पिताना दिला होता.

"हा टोप नेमकं करतो काय?" त्यांनी परचुरेबाईंना विचारलं.

"सराव झालेली हालचाल मेंदूत पेशींच्या ठरलेल्या क्रमाने पेटते. टोप तो क्रम वाचतो. त्याला आम्ही हालचालठसा म्हणतो. दुसऱ्या कुणाच्या मेंदूत तोच क्रम रोज झोपेत पेटवत राहिलं, की तिचं शरीर ती हालचाल आपलीच समजायला लागतं."

"दुसऱ्या कुणाच्या? आणि उंचीचं काय?"

"हातापायांच्या लांबीचा फरक गणकयंत्र सांभाळतं."

"मग हिच्याकडे काय उरतं?"

"सगळंच. झेरॉक्स काढली म्हणून मूळ कागद कोरा होत नाही, केळुसकर."

ही चाचणी ड्राफ्टसाठीच आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी ते तसंच कृत्तिकेला सांगितलं होतं.

ड्राफ्टच्या दिवशी हिमवाघांनी तिचं नाव घेतलं नाही. ज्यांनी तपासली त्यांनीच सोडली म्हणजे पोरीत काहीतरी खोट असणार, असं समजून बाकीच्या संघांनीही तिला वगळलं. व्यवस्थापक सबनीस सामोसा खात होता. तोंडातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, "उंच मुलगी आपल्याकडे आहे. मालकांची भाची, अद्विका. कसबही आता ठशात आपल्याकडे आहे. मग त्या ठेंगणीवर जागा कशाला घालवू?" सामोशाचे कण त्याच्या हनुवटीवर चिकटले होते. 

संध्याकाळी सुभेदारांचा फोन आला. "साहेब, पोरीचं काय चुकलं का? तसं असंल तर सांगा, तिला समजावतो." 

मोसमाच्या पहिल्या सामन्यात, कृत्तिकेचा ठसा भरून घेतलेल्या अद्विकाने दोन गोल केले आणि टाळ्यांनी छत दणाणलं. केळुसकर काचेपाशी होते. अद्विकाच्या डोळ्यांत कृत्तिकेची नजर होती. दुसऱ्याच्या तोंडातला घास काढून खावा तशी ती नजर त्यांना ओंगळ वाटली. मग समोरून एक बचावपटू कोपर उगारून आली. कोपर मारणं नियमात बसत नाही, पण पंचांची पाठ फिरली की सगळ्याच मारतात. अद्विका वाकली नाही. तिची पापणीही लवली नाही. कोपर थेट जबड्यावर बसलं. बर्फावर दोन दात आणि रक्त सांडलं, आणि थोड्या वेळाने बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र त्यावरून फिरलं.

"ठशात वाकणं नव्हतंच," केळुसकरांनी परचुरेंना सांगितलं. "कृत्तिकेच्या डोक्यावरून कोपरं निघून जातात. ती जन्मात कधी वाकलेली नाही. तुम्ही लांबी मोजलीत, भीती मोजली नाहीत."

परचुरेबाईंचा चेहरा खुलला. "अगदी बरोबर. म्हणजे आधी तिला भीती शिकवायची, मग ठसा पुन्हा घ्यायचा."

उपाय सोपा होता. कृत्तिकेच्या हेल्मेटवर रबरी खोटं डोकं बसवायचं, म्हणजे तिची उंची अद्विकाएवढी होईल. त्या डोक्याला कोपर लागलं, की विजेचा झटका तिच्या जबड्यात. शरीर आपोआप वाकायला शिकेल. मोबदल्यात सबनीसने कृत्तिकेला पुढच्या ड्राफ्टमध्ये घेण्याचं आश्वासन दिलं.

केळुसकरांनी तिला फोनवर सगळं खरं सांगितलं. जाऊ नकोस म्हणाले.

"घरी बसून तरी काय करू सर? निदान बर्फावर तरी असंन," ती म्हणाली.

सुरुवातीला ती त्या रबरी डोक्याला हसायची, त्याला तिने कुंकू लावलं होतं. नंतर हसणं थांबलं. केळुसकर रोज काचेपाशी उभे राहात. एके दिवशी तिची पापणी लवली. ते काचेपासून दूर झाले.

दुसरा ठसा वाचून झाल्यावर सबनीसच्या खोलीत बैठक झाली.

"यात काहीच नाही," परचुरे म्हणाल्या. "कोपराखालच्या जागेत शिरण्याआधी ही दचकते. असा ठसा कुठल्याही मुलीचा मिळेल."

"तिचा पहिला ठसा तिच्यातच परत भरा," केळुसकर म्हणाले. "तो त्याच अंगाचा आहे, त्याला बसेल."

"नाही बसणार. भीतीचा क्रम आता पक्का झालाय, तो पहिल्याला पेटू देणार नाही. त्याच उंचीची, पण कोरी मुलगी हवी."

सबनीसने चटणीत बोट बुडवून चाटलं. त्याचे डोळे चमकले. "मग सोपंच की. केळुसकर, चार फूट अकराच्या मुली शोधा. सहा आणा. खेळता आलं नाही तरी चालेल. नाही आलं तर उत्तमच."

 केळुसकरांनी संघाचं ओळखपत्र गळ्यातून काढलं, त्याच्या चटणीच्या वाटीत टाकलं आणि ते बाहेर पडले.

बाहेर बाकावर कृत्तिका बूट सोडून बसली होती. रबरी डोकं बाजूला पडलं होतं. "सर, जमला का ठसा? पुढच्या ड्राफ्टला घेतील ना?"

 आपल्या लेकीच्या ठेवावा तसा तिच्या डोक्यावर ठेवायला म्हणून केळुसकरांनी हात उचलला.

ती झटकन खाली वाकली. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते.