तिसरा प्लग

छोट्या ट्रकचं इंजिन कुठे असतं, हे किनुएला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. पुढे नाक नाही, मागे नुसता उघडा हौदा, मग ठेवतात कुठे? शूझोंनी तिला पहिल्यांदा ट्रकमध्ये बसवलं तेव्हा ती वाकून वाकून शोधत होती. "त्याच्यावरच बसली आहेस की," ते म्हणाले, आणि तिचे कान लाल झाले. त्या गोष्टीला किती काळ लोटला! तो ट्रक जाऊन निळा आला, निळा जाऊन हा पांढरा आला, आणि मागच्या हिवाळ्यात शूझो स्वतःच गेले. इंजिन तेवढं अजून सीटखालीच होतं.

आणि ते काल घाटात आचके द्यायला लागलं होतं.

मित्सुयो, शूझोंची धाकटी बहीण, एक दिवसाआड डायलिसिसला जायची. इस्पितळ घाटापलीकडे. एके काळी या गावाला शाळा होती, तांदळाच्या दारूची भट्टी होती, दिवसातून चारदा बस यायची. आता बस बंद. टॅक्सीवाला बर्फ पडणार म्हटलं की फोनच उचलत नाही. हिराओकांचं गॅरेज होतं, तर म्हातारे हिराओका लेकाकडे शहरात राहायला गेले आणि शटरवर वेल चढली. मागे एक खेप चुकली तेव्हा मित्सुयोच्या छातीत पाणी भरलं होतं. कोरड्या घरात, कोरड्या अंथरुणात ती बुडत होती, आणि किनुए तिला पाठीमागून धरून पहाटेपर्यंत बसून राहिली होती. तसं पुन्हा व्हायला नको होतं. उद्याची खेप काही झालं तरी चुकवायची नव्हती, आणि रेडिओ उद्या बर्फ सांगत होता.

स्पार्क प्लग गेले असणार, एवढं किनुएला कळत होतं. नवे प्लग शूझोंनी आणून ठेवलेले होतेच, शेडमधल्या फळीवर, तेलाच्या डब्याआड. त्यांना प्लग बदलताना तिने कित्येकदा पाहिलं होतं. ती टॉर्च धरून उभी राहायची आणि ते पुटपुटत राहायचे, जणू इंजिनाची समजूत काढताहेत.

दुपारची जेवणं आटोपल्यावर तिने शेडमध्ये ट्रकची सीट उचलून मागे टेकवली. आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं. ओसरीला सुकायला टांगलेली पर्सिमनची फळं वाऱ्याशिवायच हलल्यासारखी वाटत होती. बैठकीची खिडकी शेडसमोरच उघडायची. आत मित्सुयो कोतात्सुच्या रजईत कमरेपर्यंत शिरून, त्या गरम टेबलावर कोपरं टेकून बसली होती. खिडकी तिने बोटभर उघडी ठेवली होती, कारण गप्पा मारल्याशिवाय तिला करमायचं नाही.

"वहिनी, काय तोडतेस गं?"

"तोडत नाही, जोडतेय."

"दादा म्हणायचा, बाईने पान्याला हात लावला की इंजिनाला डोहाळे लागतात."

"तुझा दादा लोणच्याची बरणी उघडायला मला हाक मारायचा, ते नाही सांगितलं?"

मित्सुयो खो खो हसली. तिचा आवाज तरुणपणी फार गोड होता. भातलावणीला ती गायला लागली की पलीकडच्या बांधावरच्या बाया हात थांबवून ऐकायच्या. अंगाचं पार चिपाड झालं, पण आवाज तसाच राहिला होता.

सीटखाली जागा म्हणजे काय, रांजणाचं तोंड. नळ्या, वायरी, आणि त्यांच्या आड खोल तीन खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक प्लग. शूझोंची रीत होती: एक काढायचा, एक बसवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. सगळे एकदम काढले की वायरींची अदलाबदल होते. आधी फुंकून धूळ काढायची, नाहीतर खडा इंजिनाच्या पोटात जातो. आणि नवा प्लग पान्याने कधी सुरू करायचा नाही. आधी हाताने आट्यांत बसवायचा, मऊ फिरला तर ठीक, अडला तर बाहेर. आटे मोडले की इंजिन गेलं.

पहिला जुना प्लग किरकिर करत निघाला. टोक काजळीने काळं. हिराओका असते तर ते पाहून आजार सांगितला असता, जसा वैद्य जीभ पाहून सांगतो.

नवा बसवायचा तर खळगा तिच्या बोटांपेक्षा खोल. शूझो रबरी नळीचा तुकडा प्लगच्या शेंड्याला लावून तो खाली सोडायचे. तो तुकडा तिला सापडला, पण हातात घेताच त्याचा भुगा झाला. तिने जरा विचार केला आणि स्वयंपाकघरातून तळण उलटायच्या लांब लाकडी काड्या, चॉपस्टिक्स, आणल्या. प्लगची पांढरी चिनीमातीची मान काड्यांत धरून तिने तो हळूच खळग्यात उतरवला.

तळाशी काड्यांच्या टोकांना काहीतरी लागलं. टक्.

लाकडाला लाकूड लागावं, तसा आवाज.

मग खालून अलगद ओढ आली आणि काड्या हलक्या झाल्या.

पडला, असं वाटून तिने टॉर्च मारला. प्लग पडला नव्हता. तो आट्यांत सरळ बसला होता. तिने पाना लावला तर शेवटचं आवळणंच तेवढं बाकी होतं.

किनुए काड्या हातात धरून बसून राहिली. लहानपणी एकदा जेवताना तिने आईच्या काड्यांतला माशाचा तुकडा आपल्या काड्यांनी घेतला होता. आई कधी मारायची नाही, पण त्या दिवशी तिने सगळ्यांदेखत हातावर चापट मारली. काड्यांतून काड्यांत द्यायचं ते एकाच वेळी: स्मशानातल्या दहनभट्टीतून माणूस बाहेर आला, की त्याच्या अस्थी वेचताना. मागच्या हिवाळ्यात तिने आणि मित्सुयोने तसंच केलं होतं. भट्टीच्या दाराशी, अजून गरम असलेल्या तबकापाशी उभं राहून, एकीच्या काड्यांतून दुसरीच्या काड्यांत. आधी पायांच्या, मग कमरेच्या, असं वर वर. कंठाचं हाड सगळ्यांत शेवटी. म्हणजे कलशात माणूस ताठ बसतो, उलटा होत नाही.

'लटपटणारी म्हातारी बोटं,' ती स्वतःशी म्हणाली. 'सुटला आणि नशिबाने सरळ बसला.'

"वहिनी," खिडकीतून हाक आली. "कोतात्सु बंद पडला का गं? पाय गार पडलेत."

किनुए हात पुसत आत गेली. रजईखाली हात घातला तर चटका बसावा इतकं गरम. मित्सुयोची पावलं मात्र नदीतल्या गोट्यांसारखी होती. तिने ती चोळली, चोळून चोळून स्वतःचे तळवे दुखेपर्यंत.

"कळतंय का?"

"तू चोळतेयस ते दिसतंय," मित्सुयो म्हणाली. "पाय कुण्या शेजारणीचे असावेत, तसं वाटतंय."

"रक्त धुतलं गेलं की येतील ठिकाणावर. उद्या नेतेच तुला."

"ने बाई. नाहीतर शेजारणीला सांग, तिचे पाय घेऊन जा."

दुसऱ्या प्लगला किनुएने काड्या घेतल्या नाहीत. तिने बोटांनीच प्रयत्न केला. सांधे सुजलेले; हात मनगटापाशी अडकायचा. प्लग तिरका लागला, आट्यांवर करकरला, आणि तिने तो झटकन वर घेतला. आटे मोडले तर उद्या काही उरणार नव्हतं. तिने कागदाची नळी करून पाहिली, ती दुमडली. वायरीचा फास करून पाहिला, तो सुटला. बाहेर उजेड कमी होत चालला होता. काड्या तिच्या गुडघ्याशी होत्या.

तिने डोळे मिटून प्लग खाली सोडला.

टक्.

या वेळी तिने नीट जाणवून घेतलं. पलीकडची पकड सावकाश होती, अदबशीर. घेणाऱ्याने आधी नीट धरलं, मग तिने सोडण्याची वाट पाहिली. तिने सोडलं. खाली आटे मऊ फिरल्याचा आवाज आला, मुंगीच्या चालीसारखा.

ती खिडकीकडे पाहायचं टाळत होती. पण हाक आलीच.

"वहिनी, ऐक ना. आता कमरेखालचं काहीच माझं नाही बघ. हसू येतंय मला." ती हसली, पण हसू अर्ध्यात थांबलं. "आणि श्वास जड येतोय जरा. मागच्यासारखा. उद्या लवकर निघूया हं?"

"लवकरच निघू," किनुए म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

तिसरा जुना प्लग बाहेर काढला तो तेलाने चिंब होता. घाटातले आचके याचेच. हा बदलला नाही तर ट्रक चढण चढणार नव्हता, हे तिला शूझोंच्या आवाजातच ऐकू आलं.

रिकाम्या खळग्यातून ऊब येत होती. इंजिन कालपासून बंद होतं, शेडमध्ये श्वासाची वाफ दिसत होती, तरी आतून ऊब येत होती. वास पेट्रोलचा नव्हता. त्या तबकावरून येत होता तसा, कोरडा, भाजल्या मातीचा.

किनुए खळग्यावर वाकली.

"अहो," ती हळूच म्हणाली. "तुमची बहीण आहे हो ती."

ऊब तशीच येत राहिली.

तिने जुना प्लग पुसून परत लावायचा विचार केला. मग तिला ती पहाट आठवली: हातांमध्ये मित्सुयोचं अंग, आणि छातीतला तो बुडबुड आवाज, भरत चाललेल्या घागरीसारखा. उद्या बर्फ. उद्या रुग्णवाहिका बोलवायची तरी रस्ता उरेल का, कोणी सांगावं.

"झालं का गं?" खिडकीतून आवाज आला. "गाऊ का काहीतरी? तुला करमेल."

"गा," किनुए म्हणाली.

मित्सुयो गायला लागली. तेच जुनं भातलावणीचं गाणं, श्वासाने तुटत तुटत. एका ओळीला दोन श्वास.

किनुएने काड्या उचलल्या.

प्लगची पांढरी मान काड्यांत धरली. उतरवला.

टक्.

दोघांनी धरलं. थोडा वेळ कोणीच ओढलं नाही.

गाणं चालू होतं.

पलीकडची पकड वाट पाहत राहिली. पलीकडे घाई नव्हती.

किनुएने काड्या सैल केल्या.

आटे फिरले. ऊब थांबली. गाणं शब्दाच्या मधोमध तुटलं.

तिने पाना लावून प्लग घट्ट आवळला. वायर बसवली. झाकण लावलं, सीट खाली पाडली आणि तिच्यावर बसली. खिडकीकडे न पाहता तिने किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्याच हाकेला उठलं. एकही आचका नाही. नव्या ट्रकसारखं, पहिल्या दिवशीच्या ट्रकसारखं ते चालू लागलं. किनुएच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मित्सुयो!" ती ओरडली. "ऐकलंस का?"

"ऐकलं की," मित्सुयो म्हणाली. "ओरडतेस कशाला?"

आवाज स्वच्छ होता. श्वास लागलेला नव्हता. भातलावणीच्या दिवसांतला आवाज.

किनुएने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. मित्सुयो कोतात्सुपाशी ताठ बसली होती. तिचे ओठ हलत होते. ती हसत होती, काहीतरी सांगत होती, आणि मध्येच थांबून गळ्याला हात लावून पाहत होती.

"किती ऊब आहे गं इथे," आवाज म्हणाला. सीटखालून, अगदी तिच्या अंगाखालून.

किनुएचा हात किल्लीकडे गेला. तिने ती जराशी मागे फिरवली. इंजिन दबलं, आणि खिडकीत मित्सुयोचं तोंड उघडं राहिलं, डोळे विस्फारले, बोटं गळ्यावर आवळली गेली.

तिने किल्ली झटकन पुन्हा पुढे केली. इंजिन पुन्हा सावरलं.

"असं नको करूस, वहिनी," आवाज म्हणाला. चिडलेला नव्हता, फक्त घाबरलेला होता.

"नाही करणार."

"सकाळपर्यंत बसशील ना?"

"बसते."

शेडच्या उघड्या तोंडातून उडत आलेला बर्फाचा पहिला कण समोरच्या काचेवर पडला आणि विरघळला नाही. सीटखाली मित्सुयोने गाणं तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. किनुए दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि पेट्रोलचा काटा किती खाली आला आहे, हे तिने तेव्हा पाहिलं.