शरयूचा मूळांक

अंकनोंदणी कचेरीच्या प्रयोगशाळेत त्र्यंबक गुळवणी तीस वर्षं लोकांचे आकडे तपासत होते. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची सहाशे अंकी मूळसंख्या, म्हणजे स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानेही भाग न जाणारी, सरकार आईच्या हाती देई. तो त्या बाळाचा मूळांक, जन्मभर गुप्त. लग्नात दोघांच्या मूळांकांचा गुणाकार नोंदवत, तो युग्मांक. तो कुणीही पाहावा, फोडता कुणालाच येत नसे. नवऱ्याला मात्र आपल्या मूळांकाने भागून बायकोचा काढता येई. पण तसं करणं असभ्य समजत.

बायको शरयू वारल्यावर गुळवण्यांनी हा असभ्यपणा केला. तिचं बोलणं साठवलेली ध्वनिपेटी तिच्या मूळांकाशिवाय उघडत नव्हती, आणि घरात बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मिक्सर होता, पण तो एकाच विषयावर बोले.

बाकी शून्य आली. उत्तर मात्र बाराशे अंकी.

सहकारी डॉ. फरीदा मुजावरांनी कसोटी लावली. तीन सेकंदांत निकाल आला: मूळसंख्या नव्हे.

"आत आणखी एक माणूस आहे, गुळवणीसाहेब. वहिनींनी लग्नात दोन मूळांकांचा गुणाकार दिला."

"कोण?"

"आहे, एवढंच कळतं. कोण ते शोधायला यंत्राला अकरा हजार वर्षं लागतील. नोंद कुणी तपासली होती?"

घरचंच काम म्हणून शिक्का गुळवण्यांनीच मारला होता, अंक न मोजता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी. त्यांना तिचे गाण्याचे मास्तर आठवले, मग शेजारचे दंतवैद्य.

"जाहिरात द्या," फरीदाबाई म्हणाल्या. "हे बाराशे अंक छापा. ज्याच्या मूळांकाने भाग जाईल, त्याला वहिनींचा मिळेल."

"आणि पेटी तो उघडेल. मी बसतो मिक्सरपाशी."

"मग अख्खा अठराशे अंकी युग्मांक छापा. त्याला तुमच्याशिवाय उघडणार नाही, तुम्हाला त्याच्याशिवाय."

जाहिरात निघाली. गावाने चहाबरोबर भागाकार केले. सगळ्यांना बाकी उरली; दंतवैद्यांनी तर फोन करून कळवली.

नवव्या दिवशी दारात एक माणूस आला. नाव सिद्राम.

"शून्य आली," तो म्हणाला.

गुळवण्यांनी मनात धरलेल्या माणसापेक्षा तो पंचवीस वर्षांनी लहान होता.

"शरयूला कसे ओळखता?"

"नाही ओळखत. अनाथाश्रमात वाढलो. आम्ही असली एकही जाहिरात सोडत नाही, भागून बघतो. सवय."

"वय?"

"एकतीस."

गुळवण्यांनी एकतिसातून अठ्ठावीस वजा केले. मग पुन्हा एकदा केले. मग त्याला आत घेतलं.

एकमेकांकडे पाठ करून दोघांनी युग्मांकाला आपापल्या मूळांकाने भागलं; उरला तो शरयूचा. पेटी उघडली.

"दोघं आलात, बरं झालं," शरयूचा आवाज म्हणाला. "एकट्याने ही उघडलीच नसती. आधी जेवून घ्या. सांगायचं बरंच आहे."