आत्याचं नाक आणि हिंगाची पूड

दूध बुडाशी लागलं, वास अंगणापर्यंत आला, आणि शेगडीला पाठ करून लसूण सोलत बसलेल्या माझ्या आत्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी हसले असते. पण शेवंताआत्या म्हणजे आमच्या गावच्या पशुखाद्य कारखान्याचं नाक! मक्याचं पोतं आलं की ती त्याचं तोंड सोडते, ओंजळभर मका नाकापाशी नेते आणि खोल श्वास घेते. ती "कुबट हाय" म्हणाली की पोतं परत. मागच्या दिवाळीत आठवडाभर सुट्टी होती, तेव्हा शेजारच्या चिवड्यातला कढीपत्ता करपल्याचं तिने भिंतीपलीकडून ओळखलं होतं. मग आता घरातलं दूध कसं कळलं नाही?

शिवाय कामाच्या दिवशी संध्याकाळी तिला कणकण यायची, खोकला लागायचा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, असंच चालू राहिलं तर फुप्फुसं कायमची कडक होतील. मला आई नाही. मला आत्यानेच वाढवलं. त्यामुळे ते ऐकल्यापासून मी रोज संध्याकाळी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे.

याचं कारण शोधायला कारखान्याने त्या दिवशी तिच्यासोबत फुंकरला घरी पाठवलं होतं. फुंकर म्हणजे हवा तपासणारा, कळशीएवढा यंत्रमानव.

"जुई, कोडं सोपं आहे," तो म्हणाला. "ओल लागलेल्या मक्यावर बुरशी येते. ती बीजाणू (बुरशीची डोळ्यांना न दिसणारी बी) तयार करते. पोतं हलवलं की धुळीबरोबर तेही उडतात. मोठे कण नाकात अडकतात आणि आतलं अस्तर सुजवतात. म्हणून वास येईनासा होतो."

"आणि बारीक कण?"

"ते थेट वायुकोशांत (फुप्फुसातल्या इवल्या फुग्यांत) उतरतात. शरीर त्यांच्याशी झुंजतं, त्याचा ताप काही तासांनी चढतो. धूळ खाल्ली सकाळी, अंग तापलं संध्याकाळी. मग मक्यावर संशय घेणार कोण?"

आत्याने लसूण बाजूला ठेवला. "म्हंजे तुजा तो मास्क लाव म्हणतोस. आरं, पर नाक झाकलं तर मका कुबट हाय का न्हाई, कसं कळायचं? धूळ आडली की वासबी आडनार. मी न्हाई लावायची."

ती नुसती हट्टाने बोलत नव्हती. बुरशीचं विष गाईच्या पोटात गेलं तर दुधातही उतरतं. आमच्या तालुक्यातली पोरं जे दूध पितात, त्यामागे आत्याची ही ओंजळ आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रोज दुधाच्या पेल्याला नाक मुरडणारी मी, मला माझीच लाज वाटली.

"आत्या, तुमच्याकडे हिंग आहे?" फुंकरने विचारलं.

त्याने पोटातल्या खणातून कोरा मास्क काढला. मला तो नाकावर घट्ट बसवायला लावला, आणि हिंगाची डबी समोर धरून हलकेच फुंकली. पिवळी पूड मास्कवर बसली.

"वास आला?"

"आला की!" मी म्हणाले.

"आता मास्कची आतली बाजू पाहा."

आतून मास्क पांढराशुभ्र होता.

"वास म्हणजे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण), हवेत मिसळलेले," फुंकर म्हणाला. "बीजाणू त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी मोठे. या गाळणीत बीजाणू अडकतात, वास मात्र पार होतो. आत्या, धूळ आणि वास जोडीने येतात, म्हणून ती दोन्ही एकच आहेत असं तुम्हाला वाटलं."

आत्याने मास्क हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिला. मग तिने तो स्वतःच्या नाकावर चढवला, हिंगाची डबी हुंगली आणि हसली.

"येतोय गं. जरा दबका, पर येतोय."

मग कारखान्यात पोती उघडतात तिथे धूळ ओढून घेणारी नळी बसली. ओल मोजायचं काम फुंकरने घेतलं, सगळ्या कामगारांना मास्क मिळाले, आणि आत्या आता गाळणीआडून वास घेते. पुढच्या वर्षी फुंकरचे भाऊबंद शेजारच्या कारखान्यांत जाणार आहेत. 'कुबट' म्हणजे नेमकं काय, हे त्यांना आत्याच शिकवते आहे. चुकले की रागावतेही.

आत्याची कणकण हळूहळू थांबली. काल मी अंगणात तिच्याजवळ गृहपाठ करत बसले होते. शेगडीवर दूध ठेवल्याचं मी साफ विसरले होते.

"जुई," आत्या तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "दूध लागतंय बग."

मी धावत आत गेले. पातेल्याचं बूड काळं झालं होतं. ते करपट दूध मी पेल्यात ओतलं, आणि नाक न मुरडता, आत्यासमोर उभी राहून, सगळं पिऊन टाकलं.