हिरव्या होडीतला आवाज

ऐकायची तर नीट ऐका. मध्येच उठून घरी जायचं नाही, नाहीतर अर्धी गोष्ट घेऊन अंधारातून चालावं लागेल, आणि ते पूर्ण गोष्टीपेक्षा वाईट.

आमच्या गल्लीत एक नळवाला आहे. तुम्ही ओळखता त्याला. त्याच्याबाबतीत घडलेलं आहे हे. सात वर्षं झाली. मार्चची नऊ तारीख, शनिवार.

त्या दिवशी दुपारी नळवाला टेम्पो घेऊन होडी आणायला गेला. एक म्हातारा शिंपी जुनी होडी विकत होता. नऊ फुटांची, हिरवी, प्लास्टिकची. या होडीला दोन भिंती असतात, थर्मासला असतात तशा. मधली जागा पोकळ. त्या पोकळीतल्या हवेवर ती तरंगते. मागच्या बाजूला एक बूच असतं, आत चुकून पाणी शिरलं तर काढायला.

नळवाल्याने होडीभोवती तीन चकरा मारल्या. "विकताय का, आजोबा?"

"गुडघे गेले. सहा महिने कोरडीच पडलीय ही. होडीत उतरता येतं, बाहेर निघता येत नाही."

"पाणी आत घेते का?"

"नाही." शिंप्याने होडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "रात्री वाजली तर लक्ष देऊ नका. प्लास्टिक आहे. दिवसा फुगतं, रात्री आवळतं."

यात खोटं काही नाही. माझा जन्म होड्या दुरुस्त करण्यात गेला. प्लास्टिक वाजतंच.

नळवाल्याला घाई होती. त्याची मुलगी आठ वर्षांची. घरात तिला सगळे खार म्हणायचे, कारण एका जागी ठरेल तर शपथ. रविवारी पहाटे तळ्यावर मासे धरायला नेतो, असं त्याने तिला वर्षभर सांगितलं होतं आणि वर्षभर कोणाचा ना कोणाचा नळ फुटला होता. आता तिने बोलणंच टाकलं होतं. पोरीचा अबोला बापाला फार झोंबतो.

संध्याकाळी अंगणात दोन बाकांवर होडी ठेवून तो कामाला लागला. मुलीसाठी पुढे छोटी बैठक, बाजूला गळ अडकवायच्या दोन नळ्या. ड्रिलने भोकं पाडली, स्क्रू पिळले, वरून गळती बंद करायचं सिलिकॉन फासलं. मी तेव्हाच तिथून चाललो होतो.

"अरे, या प्लास्टिकला सिलिकॉन धरत नाही," मी म्हणालो. "वाळलं की सालीसारखं सुटतं. हीटगनच्या गरम हवेने याच जातीच्या प्लास्टिकची काडी वितळवून भरावी लागते. सोमवारी माझ्या शेडवर आण."

"काका, वीस वर्षं गळती बंद करतोय मी. आजवर एकाने तक्रार केली का?"

"तुझा फोन कधी लागला तर करतील ना."

तो हसला. त्याची बायको दारात उभी होती. ती काही हसली नाही. "अहो, तुम्हाला पोहता येतं का?"

"होडीत बसायचंय, पोहायचं कशाला?"

"आणि तिला?"

तो खाली वाकून स्क्रू पिळत राहिला.

रात्री पावणेदोनला त्याला जाग आली. टक... टक. त्याला शिंप्याचं बोलणं आठवलं. आवळतंय. त्याने कूस बदलली.

टक... टक... टक.

बॅटरी घेऊन तो अंगणात गेला. वारा नव्हता. चंद्र कधीच मावळला होता. आवाज पुढच्या बाजूने येत होता, नव्या बैठकीच्या खालून. तो पुढे गेला. आवाज मागे गेला. तो मागे गेला. आवाज पुढे.

उंदीर शिरला असेल, तो स्वतःशीच म्हणाला. पण दोन भिंतींच्या मध्ये उंदीर शिरणार कुठून? स्क्रूच्या भोकातून?

त्याने बोटाच्या पेराने होडीवर दोनदा वाजवलं.

आतून तीनदा उत्तर आलं.

मग त्याने होडी एका बाजूने उचलून पाहिली. संध्याकाळी शेजाऱ्याच्या मदतीने सहज उचलली होती. आता ती जागची हलेना. त्याने बूच फिरवलं.

पाणी आलं.

सहा महिने कोरडी पडलेली होडी. अंगणात बाकांवर ठेवलेली. आणि पाणी येत होतं. थंडगार, गाळाचा वास असलेलं. त्याचे पाय भिजले. पाणी फाटकापर्यंत गेलं. थांबेना. मग हळूहळू धार बारीक झाली. थेंब झाले. थेंबही थांबले.

आणि त्या बुचाच्या भोकातून, अगदी हलक्या आवाजात...

"बाबा."

तो धावत घरात गेला. खार झोपली होती. पांघरूण कोरडं. केस कोरडे. श्वास चालू. एक हात तेवढा बाहेर होता, तो त्याने पांघरुणात घेतला आणि पहाटेपर्यंत तिथेच बसला. बाहेर पुन्हा काही वाजलं नाही.

उजाडल्यावर तो होडीपाशी आला. तळाला, बाहेरच्या भिंतीवर, एक पंजा उमटला होता. आत दाबलेला नाही. आतून बाहेर ढकललेला. पाचही बोटं, लहान.

तो ताडपत्री आणायला वळला, तोवर खार आलीच. तोंडात ब्रश. होडीखाली वाकली आणि त्या पंजावर आपला पंजा ठेवला. जरासुद्धा कमीजास्त नाही.

"बाबा, हे तुम्ही माझ्यासाठी केलं?"

तिचा अबोला असा सुटला. त्याने तिला उचलून होडीपासून लांब नेलं.

मला बोलावलं. मी आधी सिलिकॉन पाहिलं. नखाने ओढलं, अख्खी साल निघाली. तळ्याच्या मध्यावर गेले असते, तर पोकळीत पाणी भरायला अर्धा तास लागला नसता. मग हीटगन लावून पंजा सपाट करून पाहिला. मऊ झाला, दबला. गार झाला तसा पुन्हा वर आला. तीनदा केलं. चौथ्यांदा मी यंत्र बंद करून पिशवीत ठेवलं.

शिंप्याला विचारायला गेलो. तो म्हणाला, त्या होडीत कधी कोणी बुडालं नाही. शपथेवर सांगितलं त्याने.

म्हणजे ते आधी बुडालेल्या कोणाचं नव्हतं... असो. ते तुम्ही घरी जाऊन ठरवा.

होडी पाण्यात गेलीच नाही. त्याला विकवेनाही. दुसऱ्याच्या लेकराला त्यात कसं बसवायचं? घरामागे पालथी पडून आहे, ताडपत्रीखाली. खार आता पंधरा वर्षांची झाली. उंच झालीये, बापाच्या खांद्याला लागते.

मागच्या आठवड्यात वाऱ्याने ताडपत्री उडाली. नळवाला कामावर होता, म्हणून बांधायला मी गेलो. सात वर्षांनी तो तळ पाहिला.

पंजा तिथेच आहे. फक्त आता तो लहान मुलीचा नाही. बोटं लांब झालीयेत.